‘संवाद ऐकू येत नाहीत’ हे कुणाला सुनवायचं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या शुक्रवारच्या आणि रविवारच्या पानांवर नव्या मराठी चित्रपटांची आणि वेबमालिकांची परीक्षणं नेमाने येतात. कथा, अभिनय, दिग्दर्शन यांवर भरभरून लिहिलेलं असतं. शेवटच्या परिच्छेदात मात्र ‘तांत्रिक बाजू ठीक’ किंवा ‘काही ठिकाणी संवाद नीट ऐकू येत नाहीत’ असं एक वाक्य येतं आणि अर्धा तारा कापला जातो. तो तारा नेमका कुणाचा कापला, हा आम्हा चित्रपटांच्या ध्वनिविभागात काम करणाऱ्यांचा प्रश्न आहे. नटाचा, ध्वनिमुद्रकाचा, थिएटरच्या मॅनेजरचा, की परीक्षकाच्या दिवाणखान्यातल्या टीव्हीचा?

आमची मागणी साधी आहे. चित्रपट कुठे आणि कशावर पाहिला ते परीक्षणात लिहावं, आणि ऐकू न येण्याचं कारण हुडकून मगच दोष द्यावा. ते हुडकायला ध्वनीचा अभ्यासक्रम करावा लागत नाही. कान उघडे ठेवून दोन-तीन खुणा पाहिल्या की बरंचसं कळतं.

थिएटरपासून सुरुवात करू. पडद्यामागे तीन स्पीकर असतात: डावा, मधला, उजवा. पडद्याला बारीक छिद्रं असतात आणि त्यांतून आवाज पुढे येतो. संवाद जवळजवळ सगळे मधल्या स्पीकरमधून येतात, तर गाणी आणि पार्श्वसंगीत मुख्यतः डाव्या-उजव्यातून. मधल्या स्पीकरचा वरच्या पट्टीचा ड्रायव्हर, म्हणजे तीक्ष्ण आवाज काढणारा भाग, जळाला की ‘स’, ‘श’, ‘च’, ‘त’ ही अक्षरं गोधडीतून बोलल्यासारखी येतात. गाणं लागलं की सगळं पुन्हा लख्ख. ‘गाणी झकास, संवाद घोगरे’ असं कुणी म्हणालं की आधी थिएटरचं नाव विचारावं. खूण सोपी आहे: नायक, नायिका, म्हातारा, पोर सगळेच सारखे गुदमरलेले वाटत असतील, तर दोष थिएटरचा. एकाच पात्राचं किंवा एकाच प्रसंगातलं बोलणं विरत असेल, तर चित्रपटाचा. इतर सगळ्यांचं बोलणं स्वच्छ आणि आजोबांचंच कळत नाही, तर तिथे खुशाल ध्वनिविभागाला किंवा नटाला धरावं.

दुसरी गोष्ट आवाजाच्या पातळीची. चित्रपटाचं अंतिम मिक्सिंग, म्हणजे संवाद, संगीत आणि इतर आवाजांचं मिश्रण, होतं त्या स्टुडिओत पडद्यामागचा प्रत्येक स्पीकर ८५ डेसिबलवर लावलेला असतो आणि सिनेमा प्रोसेसरचा फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची कळ, ७ या आकड्यावर असतो. थिएटरातही तो ७ वरच असावा, असं गृहीत धरून कुजबुज किती हळू आणि ढोल किती मोठा हे ठरतं. प्रत्यक्षात पुष्कळ थिएटरांत तो ५ वर असतो, कधी साडेचारवर. या फेडरवर ४ ते १० दरम्यान एक आकडा म्हणजे सुमारे ३.३ डेसिबल. म्हणजे ५ वर चित्रपट साडेसहा डेसिबलहून अधिक खाली आला आणि साडेचारवर आठाहून अधिक. ढोलाला याने काही होत नाही. कुजबुज मात्र वातानुकूलन यंत्राच्या घरघरीत आणि पॉपकॉर्नच्या कागदी पिशव्यांच्या खुसखुशीत बुडते.

फेडर खाली का येतो? जाहिराती आणि ट्रेलर कानठळ्या बसवतात म्हणून. प्रेक्षक आवाज कमी करायला सांगतात, प्रोजेक्शनमधला माणूस तो कमी करतो आणि मुख्य चित्रपट सुरू झाल्यावर परत वर करायचं राहून जातं. हे माहीत असल्यामुळे काही निर्माते मिक्सिंगच्या वेळीच सगळंच मोठं करायला लावतात. मग तो चित्रपट थिएटरात आणखी मोठा वाटतो, फेडर आणखी खाली जातो आणि पुढच्या आठवड्यातला शांत, हळू बोलणारा चित्रपट त्याच साडेचारवर चालतो. मरतो तो बिचारा. प्रेक्षकाने पहिल्या दहा मिनिटांत, किंवा निदान मध्यंतरात, बाहेर जाऊन मॅनेजरला ‘फेडर किती आहे?’ एवढंच विचारावं. आकडा विचारणारा माणूस भेटला की आवाज बहुधा वाढतो.

आता चित्रपटाचे स्वतःचे दोष. ते आहेत, आणि आम्ही ते झाकणार नाही.

२००१च्या ‘लगान’नंतर हिंदीत आणि मग मराठीतही चित्रीकरणाच्या जागीच आवाज टिपायची, म्हणजे सिंक साउंडची, पद्धत पुन्हा रुजली. अभिनयासाठी ती उत्तमच. डबिंगच्या खोलीत माइकसमोर उभं राहून धावत आल्याची धाप परत आणता येत नाही, आणि रडता रडता तुटलेला शब्द तर नाहीच नाही. पण सिंक साउंडला जागा, वेळ आणि शांतता लागते, आणि आपल्याकडे पहिला गळा वेळेचा आवळला जातो. बूमचा, म्हणजे लांब दांड्यावरचा, माइक नटाच्या तोंडापासून दोन-तीन फुटांवर असला तर आवाज भरीव येतो. हल्ली वेळ वाचवायला दोन कॅमेरे एकदम लावतात, एक जवळचा आणि एक लांबचा. लांबच्या चौकटीत बूम दिसतो, म्हणून तो सात-आठ फूट वर जातो, आणि त्याच वेळी टिपलेल्या जवळच्या दृश्यातला चेहरा पडदाभर दिसत असताना आवाज मात्र विहिरीतून येतो. परीक्षणात याला ‘ध्वनिमुद्रण कमकुवत’ म्हणतात. निर्णय घेतलेला असतो दिग्दर्शकाने आणि निर्मितीप्रमुखाने.

मग भरवसा राहतो कपड्यांत लपवलेल्या लेपल माइकवर. त्याची खरी परीक्षा वेशभूषेत. सुती साडी, वापरून मऊ झालेला सदरा यांत तो बरा बसतो. नवी पैठणी, खळ दिलेली नऊवारी, कडक इस्त्रीचा खादी झब्बा म्हणजे प्रत्येक श्वासाला खसखस. मंगळसूत्राच्या वाट्या माइकवर आपटल्या की ‘टक’ असा आवाज नेमका शब्दाच्या मध्ये. उपाय असतात: माइकभोवती मऊ फर, कापडाच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून ते हलूच न देणं, दागिना आतून दोऱ्याने टाचणं, नाहीतर माइक सरळ केसांत किंवा पदराच्या काठात घेणं. दर नटामागे दहा मिनिटं लागतात. ती दहा मिनिटं मिळाली नाहीत, तर संकलनानंतर सॉफ्टवेअरने खसखस पुसावी लागते आणि तिच्याबरोबर ‘स’ आणि ‘ष’ही पुसले जातात. आवाज स्वच्छ पण निर्जीव, पाण्याखाली बोलल्यासारखा वाटला, तर तिथे पुसापुशी झाली आहे असं खुशाल समजावं.

एक बारकं काम बहुतेक वेळा राहतं: रूम टोन. प्रत्येक ठिकाणी चित्रीकरण झालं की सगळ्यांनी गप्प उभं राहून त्या जागेची शांतता तीस सेकंद, जमल्यास मिनिटभर टिपायची. माजघराची शांतता वेगळी आणि चाळीच्या गॅलरीची वेगळी. ती हाती नसली की दोन वाक्यांमधल्या फटी भरता येत नाहीत, आणि मग त्या भरायला संगीत ओतलं जातं. इथे मराठी चित्रपटांबद्दल आमचं स्पष्ट मत आहे. पार्श्वसंगीत फार झालंय. आई मुलाकडे नुसतं बघते, तरी खाली व्हायोलिनचा ताफा. व्हायोलिन, बासरी, सनई यांची ताकद ज्या पट्टीत, म्हणजे साधारण एक ते चार हजार हर्ट्झमध्ये असते, त्याच पट्टीच्या वरच्या भागात व्यंजनं उमगतात. स्वर खाली असतात, त्यामुळे आवाज ऐकू येतो, पण ‘काल’ की ‘ताल’ हे कळत नाही. जाणकार मिक्सर संवाद सुरू असताना संगीताच्या त्या पट्टीत दोन-तीन डेसिबलची खाच पाडतो आणि वाक्य संपलं की ती भरून काढतो. प्रेक्षकाच्या लक्षातही येत नाही. शेवटच्या रात्री संगीतकार आणि दिग्दर्शक मागे उभे राहून ‘थीम जरा वर घे’ म्हणतात, तेव्हा पहिला बळी या खाचेचा जातो.

उलट बाजूचं उदाहरण म्हणून ‘साबर बोंडं’ पाहावा. २०२५च्या सनडान्स महोत्सवात जागतिक कथापट विभागाचं मुख्य ज्युरी पारितोषिक मिळवलेला हा चित्रपट पार्श्वसंगीताचा टेकू न घेता उभा आहे. त्यातलं हळू बोलणं आणि गावची शांतता हीच त्याची ध्वनियोजना. असा चित्रपट फोनवर पाहून ‘संथ’ म्हणून टाकणं फार सोपं आहे. फोनचा छोटा स्पीकर तीन-चारशे हर्ट्झच्या खाली जवळजवळ काही देत नाही. वाऱ्याचा भार, लांबच्या मोटारीची घुमणारी चाहूल, खोलीचा पोकळपणा हे सगळं त्याच खालच्या भागात असतं. ते गेलं की शांततेची निव्वळ रिकामी जागा होते.

आता घरचं, कारण आपले पुष्कळ वाचक नवा चित्रपट ओटीटीवरच गाठतात. इथलं गणित एकदा मांडून बघण्यासारखं आहे. थिएटर नीट लावलेलं असेल, तर साधं बोलणं ७५ ते ७८ डेसिबलच्या आसपास कानावर पडतं. फ्लॅटमध्ये रात्री साडेदहाला, पोरं झोपल्यावर, तेच बोलणं आपण साठ-बासष्टवर ठेवतो. कुजबुज बोलण्यापेक्षा पंधरा डेसिबल खाली असेल, तर ती पंचेचाळीस-सत्तेचाळीसवर आली. चारवर फिरणारा छताचा पंखा साधारण तेवढाच आवाज करतो. म्हणजे कुजबुज पंख्याने खाल्ली. तुम्ही रिमोटने आवाज वाढवता, पुढच्या दृश्यात दार आपटतं, पोर उठतं. ‘सारखा रिमोट हातात धरावा लागतो’ ही घरोघरची तक्रार इथून येते.

त्यावर दुसरी भानगड स्पीकरची. चित्रपट ५.१ मध्ये मिक्स होतो: डावा, मधला, उजवा, मागचे दोन आणि एक फक्त खर्जाचा. टीव्हीला स्पीकर दोनच, तेही तळाशी जमिनीकडे किंवा पाठीला भिंतीकडे तोंड करून. मग टीव्ही किंवा ॲप सहाचे दोन करतं. मधला वाहिनीमार्ग तीन डेसिबल कमी करून दोन्हींत टाकला जातो, मागचेही तसेच कमी करून पुढे आणले जातात, खर्जाचा बहुधा सोडूनच दिला जातो. थिएटरात तुमच्या पाठीमागे पडणारा कोकणातला पाऊस घरात थेट नटाच्या तोंडावर कोसळतो.

यावरचा खरा उपाय निर्मात्याच्या हातात आहे. थिएटरचं मिक्सिंग झाल्यावर दोन-तीन दिवस देऊन घरासाठी वेगळं मिक्स करायचं, लहान खोलीत, जवळच्या स्पीकरवर, कमी आवाजात ऐकत. नेटफ्लिक्सची अट संवादाची सरासरी पातळी उणे २७ (डिजिटल ध्वनीत सर्वांत मोठी पातळी शून्य धरून खाली मोजलेले डेसिबल), दोन कमी-जास्त चालेल, आणि कोणताही ठोका उणे २ च्या वर नको, अशी आहे. यूट्यूब साधारण उणे १४ हून मोठं असलेलं खाली ओढून तिथे आणतं. हे दोन आकडे शेजारी ठेवले की एकच माल दोन्हीकडे का चालत नाही हे कळेल. पण पैसे वाचवायला थिएटरचंच मिक्स पाठवलं जातं, तपासणीत ते परत येतं, आणि मग कुणीतरी अख्खा ट्रॅक एका झटक्यात पाच-सहा डेसिबल खाली ओढतो. ठोके अटीत बसतात. संवादही तेवढेच खाली गेलेले असतात.

प्रेक्षकाच्या हातात काय आहे? पहिलं म्हणजे ॲपमध्ये ध्वनीच्या यादीत ‘मराठी ५.१’ आणि नुसतं ‘मराठी’ असे दोन पर्याय असतील आणि साउंडबार नसेल, तर नुसतं ‘मराठी’ निवडावं. ते दोन स्पीकरांसाठीच केलेलं असतं. टीव्हीच्या ध्वनी सेटिंगमध्ये ‘क्लिअर व्हॉइस’ किंवा तत्सम काही असतं, ते चालू करावं. ‘सिनेमा’ आणि ‘स्टेडियम’ हे प्रकार बंद, ते नुसता घुमारा वाढवतात. साउंडबार असेल तर तो एचडीएमआयच्या ‘एआरसी’ लिहिलेल्या खाचेत जोडावा, आणि टीव्हीत डिजिटल आउटपुट ‘पीसीएम’वर अडकलेलं असेल तर ‘ऑटो’ किंवा ‘पासथ्रू’वर आणावं. नाहीतर बारा-पंधरा हजारांचा बार दोनच वाहिन्यांचं ऐकवत बसतो. बारच्या रिमोटवर सेंटरची पातळी वेगळी असेल तर ती दोन-तीनने वर घ्यावी आणि सबवूफर तेवढाच खाली. ‘नाइट मोड’ लाजत लाजत नव्हे, सरळ लावावा. तो मोठे आवाज दाबतो आणि लहान उचलतो. ध्वनीवाल्यांना त्याचा राग येतो असा समज आहे. आम्हाला मुळीच येत नाही.

आणि ब्लूटूथ. ओठांच्या आधी ४५ मिलिसेकंद किंवा नंतर १२५ मिलिसेकंद आवाज आला की माणसाला खटकायला लागतं. ब्लूटूथवरचा उशीर सहज शंभर ते दोनशे मिलिसेकंद होतो. दाक्षिणात्य चित्रपटाचं मराठी डबिंग पाहून ‘ओठ आणि शब्द जुळत नाहीत’ असं लिहिण्याआधी एकदा वायर लावून पाहावी. डबिंगमध्ये खरोखर तपासायची गोष्ट वेगळी आहे. पात्र बोलत असताना त्याची पावलं, भांड्यांचा आवाज, पदराची सळसळ ऐकू येते का? मूळ भाषेतून संवाद वजा करून संगीत आणि इतर आवाजांचा वेगळा ट्रॅक द्यावा लागतो. तो अर्धवट असला की डब केलेल्या आवृत्तीत माणसं हवेत चालतात. आणि ‘माझी मदत कर’ असं बोलणारी मराठी आई कानावर आली, तर मधे हिंदी संहिता होती हे उघड आहे. त्याला कुठलाही साउंडबार पुरा पडत नाही.

चित्राबद्दल थोडक्यातच. एप्रिल २०१९मध्ये ‘गेम ऑफ थ्रोन्स’चा रात्रीच्या लढाईचा भाग आला, तेव्हा ‘काहीच दिसत नाही’ म्हणून जगभर ओरड झाली. छायाचित्रकाराने अंधार मुद्दाम ठेवला होता, पण दाबून पाठवलेल्या चित्रात आणि उजेडी खोलीतल्या टीव्हीवर त्याचा नुसता राखाडी चिखल झाला. आपल्याकडे रात्रीच्या जंगलातले, वाड्यातले चित्रपट वाढले आहेत, तेव्हा परीक्षकाने दिवसा खिडकी उघडी ठेवून पाहिलं का, हे महत्त्वाचं ठरतं. पुष्कळदा परीक्षकांना आधी पाहण्यासाठी जी लिंक मिळते, तिच्यावर आडवं नाव छापलेलं असतं आणि प्रत हलकी असते. तिच्यावरून छायाचित्रणाला तारे देणं म्हणजे झेरॉक्सवरून पैठणीचा रंग ठरवणं. टीव्हीवर सगळं मालिकेसारखं गुळगुळीत दिसत असेल, तर मधल्या चौकटी टीव्ही स्वतः बनवतोय. सोनीत ‘मोशनफ्लो’, एलजीत ‘ट्रूमोशन’ नावाने हे असतं, ते बंद करावं. फोनवर चित्र कायम धूसर असेल, तर ॲपच्या सेटिंगमध्ये ‘प्लेबॅक स्पेसिफिकेशन’ पाहावं. तिथे ‘वाइडवाइन एल३’, म्हणजे चोरी रोखणाऱ्या कुलपाची सर्वांत खालची पातळी, लिहिलं असेल, तर इंटरनेट कितीही वेगाचं घ्या, ४८० ओळींच्या आसपासच गाडी थांबते.

सबटायटलवर मात्र जरा रेंगाळायला हवं, कारण तिथे मराठीची थेट हेळसांड आहे. सप्टेंबर २०२५मध्ये आलेल्या ‘दशावतार’मध्ये मालवणी आहे. त्याच वर्षी मार्चमध्ये आलेल्या ‘स्थळ’मध्ये चंद्रपूरकडची बोली आहे. बोली पडद्यावर यायलाच हवी, तिला पुणेरी मुलामा नको. पण नागपूरच्या प्रेक्षकाला मालवणी आणि मालवणच्या प्रेक्षकाला झाडीपट्टीची बोली पहिल्या झटक्यात कळेलच असं नाही. मराठी चित्रपटांना ओटीटीवर बहुतेक वेळा इंग्रजी सबटायटल असतं, मराठी नसतं. म्हणजे मराठी माणसाने मराठी बोली इंग्रजीतून समजून घ्यायची. ज्यांना कमी ऐकू येतं त्यांची तर दुहेरी अडचण. त्यांना बोलण्याखेरीज ‘दूर घंटा वाजते’, ‘बाहेर पाऊस’ हेही अक्षरांत हवं असतं. केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाने मार्च २०२४मध्ये श्रवण आणि दृष्टी अधू असलेल्यांसाठी थिएटरांतल्या चित्रपटांना असा पडद्यावरचा मजकूर (कॅप्शन) आणि ध्वनिवर्णन देण्याबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. त्या पाळल्या जातात का, हे आपल्या परीक्षणांतून कधीच समजत नाही.

मराठी सबटायटल असलं, तरी ते वाचवेल असं हवं. रूढ नियम असा की ओळी दोन, ओळीत ४२ अक्षरं आणि पडद्यावर जास्तीत जास्त सात सेकंद. हा हिशेब रोमन लिपीचा. देवनागरीत ‘स्त्रीशक्ती’ हा शब्द डोळ्याला तीन अक्षरांचा, पण संगणकाच्या मोजणीत अकरा खुणांचा. सॉफ्टवेअर खुणा मोजत असेल, तर चांगलं वाक्य निष्कारण तोडलं जातं आणि लिहिणारा ‘स्वयंपाकघरात’च्या जागी ‘किचनमध्ये’ घालून मोकळा होतो. टंकही (फॉन्ट) हिंदीसाठीचा असतो, त्यामुळे आपले ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे दिसतात. ते एकवेळ चालेल. पण अर्धा ‘ऱ’ न येणं चालणार नाही. ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ होतं, ‘तऱ्हा’ची ‘तर्हा’ होते. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. आचार्यास दक्षिणा द्यावी आणि आचाऱ्यास पगार. पडद्यावर अक्षर चुकलं तर भलत्यालाच दक्षिणा मिळते. यासाठी युनिकोडमध्ये वेगळा ‘ऱ’ आहे, तो टंकला की काम होतं. पण टंकणाऱ्याला ते कुणी सांगितलेलं नसतं, आणि तपासणाऱ्याला मराठी येत नसतं.

सबटायटल पुढे-मागे होतं, त्याचंही निदान घरबसल्या होतं. सुरुवातीला दोन सेकंद मागे आणि शेवटीही दोनच सेकंद मागे, तर नुसता प्रारंभ चुकलाय. निर्मात्याच्या नामावलीचा एखादा फलक नंतर जोडला किंवा काढला असेल. पण सुरुवातीला जुळलेलं आणि पुढे पुढे वाढत जाणारं अंतर असेल, तर चौकटींचा वेग चुकलाय. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींचा आणि सबटायटल २५ धरून बनवलेलं, तर दर मिनिटाला २.४ सेकंदांचा, तासाला २ मिनिटं २४ सेकंदांचा फरक पडतो. २४ आणि २३.९७६ अशी गफलत असेल, तर तासाला साडेतीन सेकंदांच्या आसपास. ओटीटीच्या तक्रार विभागाला ‘सबटायटल बिघडलंय’ लिहिण्याऐवजी ‘दहाव्या मिनिटाला इतकं, नव्वदाव्या मिनिटाला इतकं मागे’ असं लिहिलं, तर पलीकडच्या माणसाला कुठे हात घालायचा ते लगेच कळतं.

तेव्हा येत्या शुक्रवारपासून परीक्षणाच्या चौकटीत ताऱ्यांच्या खाली एक ओळ वाढवावी: कोणत्या गावच्या कोणत्या पडद्यावर पाहिला, की घरी टीव्हीवर, की लिंकवर; ध्वनी कोणता, सबटायटल कोणतं. दिग्दर्शक, लेखक, छायाचित्रकार, संगीतकार यांची नावं आपण ठळक छापता. त्यांच्या शेजारी ध्वनिमुद्रक, ध्वनिआरेखक (साउंड डिझायनर) आणि अंतिम मिश्रण करणारा अशी तीन नावं मावतात. दोष द्यायचा झाला तरी नाव घेऊन द्यावा, आमची हरकत नाही. ‘तांत्रिक बाजू ठीक’ या वाक्यापेक्षा तो बरा.

आपले,
चित्रपटांच्या ध्वनिविभागात काम करणारे काही वाचक,
गोरेगाव, मुंबई

ता. क. : हे पत्र छापलंत, तर वरच्या ‘दऱ्या’ आणि ‘आचाऱ्यास’मधला ऱ तेवढा जपावा. मागच्या वेळी आपल्या संकेतस्थळावर तो ‘दुसर्या’ झाला होता.